पारोकील

निंबखेड्याचे यादवतात्या पाहुण्याला निरोप द्यायला थेट शिवेपर्यंत यायचे. शिवेवर शेंदूर फासलेला एक दगड होता. तिथे आले की तात्या असे थांबायचे, जणू पुढे जमीन संपली आणि विहीर लागली. वहाणेतला अंगठा दगडाला टेकलेला, हातातली काठी मात्र दगडाच्या पलीकडे. पाहुणा झाडांआड गेला की काठी अलीकडे ओढायची आणि तिचं टोक धोतराच्या सोग्याने पुसायचं. परक्या शिवेची धूळ गावात नको.

या माणसाने ती शीव कधी ओलांडली नाही. राजूरचा गणपती तिथून अगदी जवळ. चतुर्थीला सगळं गाव जायचं, तात्या नाही. त्यांचं म्हणणं असं, की तो गणपती मुळात निंबखेड्यालाच निघाला होता, वाटेत गाडीचा आख मोडला म्हणून राजूरला राहिला. "त्याचं येनं बाकी है. मी कशाला जाऊ?" स्वतःच्या लग्नालाही ते गावाबाहेर गेले नाहीत. टेंभुर्णीची नवरी वऱ्हाडासकट निंबखेड्यात आणली. टेंभुर्णीवाले बरेच दिवस फुगले होते म्हणे. मुलगी दिली ती मात्र लांब, अंबडकडे. पंचमीला तिला आणायला गाडी जायची, तेव्हा तात्या दुपारपासून त्या दगडाशी उभे.

माणसांना ते नावाने हाक मारत नसत. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. बायको टेंभुर्णी, थोरली सून राजूर. "राजूर, पानी आन. टेंभुर्णी, माही काठी कुठं ठिवली?" लग्नाला इतकी वर्षं झाली तरी टेंभुर्णी टेंभुर्णीच राहिली. एकदा काकू चिडून म्हणाल्या, "अहो, नातवंडं झाली, आता तरी मला इथली म्हना." तात्या शांतपणे म्हणाले, "तू है टेंभुर्णीची. मंग इथली कशी म्हनू? खोटं बोलू का?"

मी होतो अंबड.

खरं तर अंबडपासूनही बाजूला असलेल्या एका वाडीतला मी, धनगराच्या घरचा. बाप मेंढरं राखायचा, आई लोकर कातायची. मी घोंगड्यांचा भारा खांद्यावर टाकून बाजारामागून बाजार पालथे घातले आणि निंबखेड्यात पाराच्या समोर दुकान टाकलं. मीठ, गूळ, तेल, घोंगडी. पुढे गाडी केली, गावचा कापूस जालन्याला जिनिंगवर नेऊ लागलो. कुणाचा हात धरून वर आलो नाही. घासाघीस करताना माझ्यापुढे भलेभले दमायचे, आणि कुणी वाकडं बोललं तर माझं डोकं तापायला वेळ लागायचा नाही, हेही खरं. पण या एका माणसापुढे माझं काही चाललं नाही. ते दुखणं अजून गेलेलं नाही.

आपल्या भाषेत एक सोय आहे. समोरच्याला आपल्यात धरून बोलायचं असेल तर आपण 'आपलं' म्हणतो. त्याला बाहेर ठेवून बोलायचं असेल तर 'आमचं'. हे कुणी शिकवत नाही, शेंबड्या पोरालाही येतं. तात्या ही सोय विळ्यासारखी चालवायचे. पारावर चार गाववाले बसले असले की "आपला नाला, आपली शाळा, आपली वेस" असं चाललेलं असे. मी दुकानातून उठून तिथे गेलो की त्याच वाक्यात विळा फिरायचा. "आमचा नाला. आमची शाळा."

एकदा पाऊस चांगला झाला आणि मी सहज म्हणालो, "तात्या, औंदा आपल्या गावाला चिंता न्हाई."

तात्यांनी तोंडातली तमाखू एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "आमच्या गावाला न्हाई. तुह्या अंबडला कसा झाला, ते तिकून आलेल्याला इचारून घे."

पाराचेही नियम होते. मोठ्या कडुलिंबाभोवती घडीव दगडांचा पार, त्याला खाली एक पायरी. गावात जन्मलेल्याने पारावर बसायचं, बाहेरून आलेल्याने पायरीवर. मी पायरीवर बसून वर्षं काढली. माझा सगळा जन्म सौदे जमवण्यात गेला, तेव्हा इथेही जमवून पाहिला. पार एका कोपऱ्यातून खचला होता, तो माझ्या गाडीने दगड आणून नीट करवला. तात्यांनी "बराबर बसवला" म्हणून मान हलवली आणि त्याच कोपऱ्यावर स्वतः टेकले. मग मी जालन्याहून काचेचा मोठा कंदील आणला. तात्यांनी तो उलटसुलट पाहिला, वात वरखाली केली, खूश झाले.

मी म्हणालो, "मंग बसू का वर?"

"कंदील वर लटकंल," तात्या म्हणाले. "तू खाली बस."

माझा कंदील पारावर आणि मी पायरीवर. असा तोट्याचा व्यवहार मी दुसरा केला नाही.

गावात नवा माणूस आला की तात्या त्याची उलटतपासणी घ्यायचे. कासार असो, कल्हईवाला असो, तहसिलीचा चपराशी असो. पहिला प्रश्न, कोन्या गावचा? दुसरा, गावात बारव है का? पायऱ्यांची मोठी विहीर म्हणजे बारव, ती आमच्या भागात बऱ्याच गावांना आहे. है म्हटलं की तिसरा प्रश्न, "पायऱ्या कोन्या अंगानं? काही कोरलेलं है का? हत्तीबित्ती?" तो बिचारा आठवून आठवून सांगायचा. मावळतीकडून आहेत, कोनाड्यात मारुती आहे. तात्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि हात झटकायचे. "हॅत्, ते कसलं गाव!"

पारावर हशा पिकायचा. कल्हईवाला खाली मान घालून भांडी घासत राहायचा. मी आलो तेव्हा माझीही अशीच तपासणी झाली होती. आमच्या वाडीला बारवच नव्हती, साधा आड होता. त्यामुळे माझ्या वाट्याला नुसतं "हॅत्" आलं, पुढचं वाक्यसुद्धा नाही.

वास्तविक निंबखेड्याचं पाणी मचूळ. त्यात डाळ शिजायची नाही. बायका चुलीपुढे बसून पाण्याला शिव्या द्यायच्या. पण तात्यांना विचाराल तर असं पाणी निजामाच्या हैद्राबादेतही नाही. हैद्राबादची तर त्यांना दयाच यायची. "लई लांब पडलं बिचारं. इथून कुनाला जानं होत न्हाई."

आता पारोकीलची गोष्ट.

जालन्याला एक गोरे पाद्रीसाहेब होते. सुगी संपली की औषधांची पेटी आणि एक कंपाउंडर घेऊन खेड्यापाड्यांतून फिरायचे. मराठी बोलायचे, पण पुस्तकातलं. एका वर्षी ते निंबखेड्यात आले आणि पाराशी उतरले. साहेब असले तरी बाहेरचे. तात्यांनी त्यांना पायरी दाखवली. साहेब हॅट काढून माझ्या शेजारी बसले. त्या दिवशी मला जरा बरं वाटलं.

"कोन्या गावचे?" तात्यांनी सुरुवात केली.

साहेबांनी समुद्रापलीकडचं कुठलंसं नाव सांगितलं.

"इथून किती लांब?"

"आगबोटीने पुष्कळ दिवस लागतात."

"अरारा," तात्या कळवळले. "इतक्या लांब कशाला राह्यता मंग?"

साहेब हसले. म्हणाले, "पृथ्वी गोल आहे, यादवराव. तिच्यावर कोणतेही स्थळ मध्यभागी नाही."

"आसंल. इथं गोल न्हाई. इथं बराबर सपाट है." तात्यांनी हाताने सगळं शिवार दाखवलं. "गावात बारव है का तुमच्या?"

"बारव नाही. नदी आहे."

"हॅत्, ते कसलं गाव!"

साहेब पोट धरून हसले आणि कंपाउंडरकडे वळून इंग्रजीत काहीतरी म्हणाले. बाकीचं वाऱ्यावर गेलं, एक शब्द मात्र तात्यांनी झेलला.

"काय म्हनले सायब? पारोकील?"

कंपाउंडरचा चेहरा उतरला. अर्थ सांगावा तर गावात औषध कोण घेणार? तो म्हणाला, "तुम्हालाच म्हणाले, तात्या. मोठा शब्द आहे."

पारावरच्या एका म्हाताऱ्याने लगेच उलगडा केला. "त्यात काय कळंना? पार-वकील! पाराचा वकील."

झालं. तात्यांनी फेटा सारखा केला आणि साहेबांना दोन्ही हात जोडले. साहेबांना वाटलं, निरोप देत आहेत. त्यांनीही जोडले. मुलुखात कुणाला जंगबहादूर होता आलं, कुणाला खानबहादूर. निंबखेड्याचा पहिला किताब असा पायरीवरून पारावर गेला.

त्यानंतर तात्या साधं काही बोलेनात. "पारोकील म्हून सांगतो," अशी सुरुवात असे. कुणाचं कुंपण सरकलं, कुणाची म्हैस दुसऱ्याच्या पिकात शिरली, पारोकीलांचा निकाल शेवटचा. एकदा भोकरदनच्या तहसिलीचा चपराशी आला आणि पारावर येऊन म्हणाला, "यादवराव कौन है?"

"पारोकील बोलो."

"ये कौनसा वकील होता है?"

"पार का."

"कौनसी अदालत में बैठते?"

तात्यांनी लिंबाकडे बोट केलं. "ये क्या, सामने है. छाँव में बैठते."

चपराश्याने सलाम केला. खरंच केला. मी समोर दुकानात गुळाची ढेप फोडत होतो, ती तशीच राहिली. आम्ही आयुष्य घासून एक 'आपलं' मिळवू शकत नाही आणि याला फुकटात किताब.

माझं खरं डोकं फिरलं ते पोळ्यावरून. माझी लालकंधारी बैलांची जोडी त्या भागात एक नंबरची होती. हे मी विकायला काढलेल्या मालाबद्दल बोलावं तसं बोलत नाही. तांबूस अंग, काळेभोर डोळे, चालताना दोघांचे पाय एकदम पडायचे. पोळ्याला वेशीवर तोरण बांधतात. गावचे बैल ओळीने उभे राहतात आणि मानाच्या जोडीने तोरण तोडलं की बाकीचे मागोमाग वेशीतून आत येतात. ओळ लावायचं काम तात्यांचं. माझी जोडी ओळीत नसे. सगळी गुरं आत जाऊन, तोरणाची पानं पायाखाली तुडवली गेली, वाजंत्री घरी गेली, की मग मी माझे बैल आणायचे.

"जनावराला तरी कशाला बाहेरचं म्हनता?" मी ओरडलो होतो. "निंबखेड्याचाच कडबा खाऊन राह्यलेत ते."

"कडबा आमचा है," तात्या म्हणाले. "बैल तुहे."

त्या वर्षी पोळ्याच्या आधी मी जालन्याला गेलो. पाद्रीसाहेबांना दवाखान्यासाठी घोंगड्या हव्या होत्या. आमची बरीच घासाघीस झाली. साहेबही त्या बाबतीत कच्चे नव्हते. शेवटी एका आकड्यावर दोघेही अडून बसलो. तेव्हा मला सुचलं. म्हणालो, "सायब, तुमच्या भावात देतो. वर एक शब्द द्या. त्या दिवशी तात्याला काय म्हनले होते, त्याचा अर्थ."

साहेब ओशाळले. "तो शब्द मी बोलावयास नको होता." मग म्हणाले, "आमच्या देशात एका देवळाभोवतीच्या वस्तीला पॅरिश म्हणतात. जो मनुष्य त्या वस्तीपलीकडे पाहतच नाही, तेवढेच जग असे मानतो, तो पॅरोकियल. थोडक्यात, कोत्या नजरेचा."

मला एकदम घोंगड्या फुकट द्याव्याशा वाटल्या. दिल्या नाहीत.

"परंतु मूळ मोठे चमत्कारिक आहे," साहेब पुढे म्हणाले. "मूळ शब्द युनानी, म्हणजे ग्रीक." युनानी औषध मला माहीत होतं, युनानी शब्द मी पहिल्यांदाच ऐकत होतो. "त्याचा अर्थ, घराच्या कडेला राहणारा. म्हणजे त्या गावचा नव्हे. बाहेरून येऊन वस्तीला राहिलेला परका. आमचे पहिले ख्रिस्ती लोक स्वतःला तसे म्हणवीत, की आपण या जगात उतरलेले परके आहोत. पुढे त्यांच्या वस्तीलाच ते नाव पडले. आणि परक्याचा तो शब्द गावाच्या अभिमान्याला जाऊन चिकटला."

परतीच्या वाटेवर बैल आपोआप चालत होते आणि मी गाडीत बसून एकटाच हसत होतो. पहिल्या अर्थाने तात्यांचा किताब गेला. दुसऱ्या अर्थाने तो माझ्याकडे आला. बाहेरून येऊन वस्तीला राहिलेला कोण? मी. म्हणजे खरा पारोकील मी!

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे तूप-हळदीने चोळतात आणि त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आवतण देतात. दिवस मावळायच्या सुमाराला मी तात्यांच्या गोठ्यात गेलो. तात्या बैलाचा खांदा चोळत होते आणि त्याच्या कानाशी म्हणत होते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

मी सौदा मांडला. "तात्या, उद्या माही जोडी ओळीत पाहिजे. न्हाई तर मी तोरनाखाली उभा राहून समद्यांना सांगतो, पारोकील म्हंजे काय."

"म्हंजे काय?" हात थांबला नाही.

"ज्याला गावापलीकडचं दिसत न्हाई तो. कोत्या नजरेचा."

तात्यांनी क्षणभर विचार केला. "बराबर है," ते म्हणाले. "सायब हुशार दिसतो. गावापलीकडं बघायचं कशाला?"

माझा पहिला डाव असा पाण्यात गेला. मी तापलो. "आन् मूळ अर्थ सांगू? मूळ अर्थ, त्या गावचा न्हाई तो. बाहेरून येऊन घराच्या कडंला राह्यलेला. परका! खरा पारोकील मी है, तात्या. तुम्ही उतरा पारावरून."

तात्यांचा हात बैलाच्या खांद्यावर तसाच राहिला. हळदीचा पिवळा हात, आणि त्याच्यावरचा चेहरा मी कधी न पाहिलेला.

"सायबाला कुनी सांगितलं?" ते अगदी हळू म्हणाले.

"काय?"

"माहं. कुनी सांगितलं त्याला?"

मला काही उमगेना. मी म्हणालो, शब्दाचा अर्थ आहे, पुस्तकातला आहे. पण तात्यांना ते ऐकूच गेलं नाही. ते गव्हाणीच्या काठावर बसले. बैलाने मान वळवून त्यांचा फेटा हुंगला.

"ज्याला ठावं होतं ते समदे गेले," तात्या म्हणाले. "मोठ्या दुष्काळात माही माय मला घिऊन आल्ती. कोन्या गावाहून, मला ठावं न्हाई. मी लहान होतो. पाराच्या पायरीवर बसवलं. म्हनली, इथंच बस, हालू नको, मी पानी घिऊन येते."

मी त्यांच्यासमोर उकिडवा बसलो.

"मंग या घरच्या मायनं उचलून आनलं. तिला लेकरू नव्हतं. शेत, घर, नाव, समदं तिनं देलं. पन दिवसभर मी त्या पायरीवर जाऊन बसायचो. ही माय म्हनायची, घरात ये. मी म्हनायचो, हालू नको म्हनलंय."

बाहेर पोरं बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजवून पाहत होती.

"गावाचं नाव याद न्हाई तुम्हाला?"

"न्हाई. एक बारव याद है. पायऱ्या उगवतीकून. खालच्या पायरीला दगडाचा हत्ती. सोंड तुटलेली. मी त्याच्या पाठीवर बसायचो, माय घागर भरायची." ते थांबले. "कुनाच्याच गावात न्हाई तसली."

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं ते कल्हईवाल्यांना आणि कासारांना काय विचारत होते. त्या "हॅत्"ला आम्ही सगळे हसत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले. तात्या काठी घेऊन ओळ लावत आले, माझ्यापाशी थांबले आणि माझ्या जोडीची वेसण धरून तिला आपल्या जोडीच्या मागे नेऊन उभी केली. लगेच कुणीतरी ओरडलं, "तात्या, ते अंबडचं है. बाहेरचं."

तात्या गर्रकन वळले. "पारोकील कोन है? तू का मी?"

"तुम्ही."

"पारोकील म्हंजे काय, ठावं है का तुला?"

"न्हाई."

"मंग गप उभा राह्य. आमच्या वेशीतून जाऊ दे त्याचे बैल."

वाजंत्री वाजली, तोरण तुटलं, माझी लालकंधारी जोडी आंब्याची पानं शिंगांवर घेऊन वेशीतून आत गेली. लोक बघत राहिले. मीही बघत राहिलो. पण माझा कान वाईट. त्याने नेमका शब्द टिपला. आमच्या वेशीतून. आमच्या!

पुढे माझा व्यापार वाढला. गाडीच्या दोन गाड्या झाल्या. परभणीच्या अंगाला, गोदेच्या काठापर्यंत, वऱ्हाडच्या हद्दीपर्यंत मी फिरू लागलो. नव्या गावात शिरलं की लोक आधी बाजाराची जागा विचारतात. मी बारव विचारायचो. परत आलो की पायरीवर बसून तात्यांना सांगायचो, की अमक्या गावची पडून गेली, तमक्या गावच्या पायऱ्या दक्षिणेकडून, एका ठिकाणी हत्ती आहे पण धड सोंडेचा.

"हॅत्, ते कसलं गाव!"

आता मी हसत नसे. बाकीचे हसायचे. आम्ही दोघांनी कुणाला काही सांगितलं नाही. कंदील वर लटकत होता, मी खाली बसत होतो. गोठ्यातल्या त्या संध्याकाळनंतरही पायरी सुटली नव्हती. माझा राग कमी झाला होता असं समजू नका. फक्त त्याच्यासोबत हेही काम चालू होतं.

निजामाचं संस्थान जायच्या थोडं आधीची गोष्ट. गोदेच्या बाजूला एका आडवळणी खेड्यात मी सरकी भरायला गेलो होतो. गावाबाहेर चिंचांच्या गर्दीत बारव होती. पायऱ्या उगवतीकडून. मी खाली उतरलो. शेवटच्या पायरीला, पाण्याला पाठ देऊन, दगडाचा हत्ती उभा होता. सोंड मुळापासून तुटलेली. पाठ पोरांनी बसून बसून आरशासारखी केलेली. मी तिच्यावर हात ठेवला. मग ओंजळीने पाणी प्यालो आणि वर येऊन गावात विचारलं. जुनं कुणीच नव्हतं. मोठ्या दुष्काळात गाव उठलं ते परत आलंच नाही, आत्ताचे सगळे नंतर बाहेरून येऊन वसलेले.

निंबखेड्याला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. पारावर तात्या एकटेच होते. मी गाडी सोडली नाही, तसाच पायरीवर येऊन बसलो.

"तात्या, हत्ती सापडला."

त्यांचं चघळणं थांबलं.

"सोंड?"

"न्हाई. मुळापासून गेलेली."

"पायऱ्या?"

"उगवतीकून. चिंचा है वर."

"चिंचा," तात्या म्हणाले. "व्हय. चिंचा होत्या." मग काठीवर हनुवटी टेकवून, "मानसं?"

"समदी नवी. जुनं कुनी राह्यलं न्हाई."

त्यांनी मान हलवली. मी म्हणालो, "सकाळी गाडी जुंपतो. शिवेच्या दगडापर्यंत चालत या, पुढं गाडीत डोळे मिटून बसा. धूळ लागू देत न्हाई. तूप-भाकर मी घेतो. एकडाव हत्तीवर बसा आन् माघारी चला." मी माझी सगळी अक्कल पणाला लावून बोलत होतो. असा सौदा मी कधी कुणापुढे मांडला नव्हता.

तात्या शिवेच्या दिशेने पाहत होते. तिथून दगड दिसत नाही, पण ते पाहत होते.

"पानी पेला का तिथलं?"

"पेलो."

"कसं है?"

"गोड है, तात्या."

त्यांनी तमाखूची पिंक टाकली, तोंड पुसलं आणि विचारलं,

"आपल्या पान्यावानी है का रे?"

गाडीचे बैल उगाच मान हलवत होते, घुंगरं वाजत होती. मी इकडेतिकडे पाहिलं. पारावर दुसरं कुणी नव्हतं. मलाच विचारलं होतं.

निंबखेड्याचं मचूळ पाणी मी इतकी वर्षं प्यालो होतो. त्या हत्तीपाशी प्यालेल्या पाण्याची चव अजून जिभेवर होती. मी जे सांगितलं त्यात कणभर खोटं नव्हतं.

"न्हाई, तात्या. आपल्यावानी न्हाई."

"हॅत्," तात्या म्हणाले. "ते कसलं गाव!"

मग काठी टेकत ते उठले. मला वाटलं, घरी निघाले. पण ते पारावरून खाली उतरले, हाताने पायरी चाचपली आणि हळूच माझ्या शेजारी बसले. मी थोडा सरकलो.

"अंबड," ते म्हणाले, "तमाखू काढ."